पाच स्टेशनं, गाणं मात्र एकच! रेडिओ मिर्ची वाढलं कसं आणि सगळे एफएम सारखेच का वाजतात?

रेडिओ लावला. गाणं नको होतं म्हणून पुढच्या स्टेशनवर गेलात, तिथे जाहिरात. त्याच्या पुढच्या स्टेशनवर गेलात, तर मघाचंच गाणं. शहरात पाच-सहा खासगी एफएम स्टेशनं असतात, पण डोळे मिटून ऐकलं तर कुठलं कोणतं हे सांगणं अवघड जातं.

यावर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "यांना दुसरं काही सुचतच नाही." पण खरं कारण वेगळं आहे. कोणतं गाणं वाजणार हे आरजेच्या खुर्चीत फारसं ठरत नाही. ते ठरतं दिल्लीतल्या लिलावात, लायसन्स फीच्या आकड्यात आणि कोर्टाच्या निकालांत.

हे समजून घ्यायला सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे रेडिओ मिर्ची. एका स्टेशनपासून सुरू होऊन देशभर पसरलेलं हे नेटवर्क कसं वाढलं ते बघितलं, की आपला रेडिओ असा का वाजतो तेही कळतं.

आधी थोडक्यात ओळख

- कंपनी: एंटरटेनमेंट नेटवर्क (इंडिया) लिमिटेड, म्हणजे एनिल. टाइम्स ऑफ इंडिया काढणाऱ्या टाइम्स समूहाची कंपनी
- पहिलं स्टेशन: इंदूर, ऑक्टोबर २००१
- फ्रिक्वेन्सी: बहुतेक शहरांत ९८.३ मेगाहर्ट्झ
- पसारा: ६३ शहरांत मिळून ७३ फ्रिक्वेन्सी
- शेअर बाजारात नोंदणी: फेब्रुवारी २००६
- महाराष्ट्र-गोव्यातली प्रमुख शहरं: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी

मिर्चीच्या आधी काय होतं?

सुरुवात १९५२ पासून करावी लागते. तेव्हा देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मूळचे पुण्याचे. त्यांना शास्त्रीय संगीताची आवड होती आणि सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असं त्यांचं मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं.

मग लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवून श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. त्याच १९५२ मध्ये तिथे अमीन सयानींचा 'बिनाका गीतमाला' सुरू झाला आणि दर आठवड्याला अख्खा देश त्याभोवती जमू लागला. कार्यक्रमाचा खर्च टूथपेस्ट विकणारी कंपनी करत होती. सिनेमाचं गाणं आणि जाहिरात या जोडीत किती ताकद आहे, हे तेव्हाच दिसलं.

सरकारलाही ते दिसलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली. त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे १९६७ मध्ये, विविध भारतीवर जाहिराती घ्यायला सुरुवात झाली. हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच तीन शहरांत. म्हणजे भारतातल्या जाहिरातींच्या रेडिओचा पाळणा महाराष्ट्रात हलला.

तरीही पुढची कित्येक वर्षं मालक एकच होता, सरकार.

१९९३: भाड्याच्या तासांचा रेडिओ

१९९३ मध्ये आकाशवाणीने मोठ्या शहरांतल्या आपल्या एफएम वाहिनीवरचे काही तास खासगी कंपन्यांना विकायला काढले. ट्रान्समीटर आकाशवाणीचा, वेळ भाड्याने घेतलेली, कार्यक्रम आणि जाहिराती कंपनीच्या. टाइम्स समूहाचा 'टाइम्स एफएम' आणि मिड-डे समूहाचा 'रेडिओ मिड-डे' ही त्यातली ठळक नावं. हिंदी-इंग्रजी मिसळून, श्रोत्याशी मित्रासारखं बोलणारा निवेदक शहरी तरुणांनी इथे पहिल्यांदा ऐकला.

१९९८ मध्ये सरकारने हे करार पुढे चालू ठेवायचे नाहीत असं ठरवलं आणि ती दुकानं बंद झाली. पण तोवर टाइम्स समूहाला एक गोष्ट पक्की कळली होती. पेपरात जाहिरात देणारा दुकानदार रेडिओवरही जाहिरात द्यायला तयार असतो.

मधल्या काळात एक फार महत्त्वाचा निकाल लागला होता. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून सरकार आणि क्रिकेट संघटना यांच्यात भांडण झालं आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितलं की हवेतल्या ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारने त्यावर मक्तेदारी ठेवू नये आणि त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी व्हावा.

हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

लिलाव झाला आणि सगळे फसले

१९९९ मध्ये सरकारने खासगी एफएमचं दार उघडलं. ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी लिलावात ठेवल्या. टाइम्स समूहाने त्याच वर्षी त्यासाठी एनिल ही कंपनी काढली. ए. पी. परिगी यांच्याकडे तिची धुरा होती. पुढे बरीच वर्षं प्रशांत पांडे यांनी ती सांभाळली.

लिलावात कंपन्यांनी जोशात मोठमोठ्या बोल्या लावल्या. मुंबईसाठी वर्षाची लायसन्स फी ९.७५ कोटी रुपयांवर गेली. शिवाय अट अशी होती की ही फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार. धंदा होवो न होवो, फी भरायचीच.

हिशेब करून बघा. पहिल्या वर्षी ९.७५ कोटी, तर दहाव्या वर्षी तीच फी सुमारे ३४ कोटींवर जाते. एका शहरातल्या एका स्टेशनसाठी!

लिलावाची धूळ खाली बसल्यावर बऱ्याच कंपन्यांनी पैसेच भरले नाहीत. १०८ पैकी प्रत्यक्षात वीस-बावीस स्टेशनंच सुरू झाली. देशातलं पहिलं खासगी एफएम ठरलं बंगळुरूचं रेडिओ सिटी, जुलै २००१ मध्ये. त्यानंतर तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर २००१ ला, होळकरांच्या इंदुरात रेडिओ मिर्चीचं पहिलं स्टेशन वाजलं. मग अहमदाबाद, पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशी सात शहरं झाली.

२००२ मध्ये मुंबईत पाच खासगी स्टेशनं एकमेकांशी झुंजत होती: रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफएम, गो ९२.५ आणि विन ९४.६.

यातल्या गो ९२.५ ची वाट वेगळी होती. त्यांनी इंग्रजीकडे झुकणारा शहरी श्रोता धरला. पण काही वर्षांत त्याचं रेडिओ वन झालं आणि तेही हिंदी सिनेसंगीताच्या गर्दीत उतरलं. विन ९४.६ तर बंदच पडलं.

पहिला धडा इथे मिळतो. फी ठरलेली आणि वाढती असेल, तर स्टेशनला प्रयोग परवडत नाही. थोड्या लोकांना खूप आवडेल असं काही वाजवण्यापेक्षा खूप लोकांना बरं वाटेल असं वाजवणं सुरक्षित. मिर्चीने हे लवकर ओळखलं. ताजी हिट हिंदी गाणी, हसतंखेळतं निवेदन, कुणावरही न रागावणारा आवाज. 'मिर्ची सुननेवाले ऑलवेज खुश' ही त्यांची घोषणा म्हणजे खरं तर धंद्याचं धोरणच होतं.

२००५: एका नियमाने खेळ बदलला

स्टेशनं तोट्यात जाऊ लागल्यावर सरकारने अमित मित्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सुचवलं की ठरलेली फी सोडा आणि उत्पन्नातला वाटा घ्या. पुढे दूरसंचार नियामक 'ट्राय'नेही तसंच सांगितलं. जुलै २००५ मध्ये नवं धोरण आलं. रेडिओवाले त्याला 'फेज टू' म्हणतात.

नवा हिशेब असा होता. सुरुवातीला एकदाच प्रवेश फी भरायची. त्यानंतर दरवर्षी एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के सरकारला द्यायचे. त्याला एक किमान मर्यादा होती, पण दरवर्षी १५ टक्के वाढ वगैरे काही नाही. स्टेशनने वर्षाला एक कोटी कमावले तर चार लाख सरकारचे. कमाई कमी झाली तर फीही कमी.

यामुळे लहान शहरांत स्टेशन काढणं पहिल्यांदा परवडण्यासारखं झालं. ९१ शहरांतल्या ३३८ फ्रिक्वेन्सी लिलावात आल्या आणि त्यातून दोनशेहून जास्त स्टेशनं उभी राहिली. अनिल अंबानी समूहाचं बिग एफएम तर एका झटक्यात ४५ शहरांत गेलं.

मिर्चीला या फेरीत २५ नवी शहरं मिळाली. ७ चे ३२ झाले. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि पणजी याच टप्प्यातली.

एवढ्या वाढीला पैसा कुठून आला? फेब्रुवारी २००६ मध्ये एनिलने आयपीओ आणला. शेअरची किंमत होती १६२ रुपये. एफएम रेडिओची कंपनी शेअर बाजारात उतरण्याची भारतातली ही पहिलीच वेळ. आता दर तीन महिन्यांनी गुंतवणूकदारांना नफ्याचा आकडा दाखवणं आलं. 'सगळ्यांना आवडेल तेच वाजवा' हा दबाव त्यामुळे आणखी वाढला.

पेपरवाल्यांनाच रेडिओ का हवा होता?

स्टेशनांचे मालक कोण होते ते बघा. मिर्ची टाइम्सची. माय एफएम दैनिक भास्करची. फिव्हर हिंदुस्तान टाइम्सची. कोल्हापूरचं टोमॅटो एफएम 'पुढारी'चं. केरळात मल्याळम मनोरमा आणि मातृभूमी या दोन्ही दैनिकांची आपापली स्टेशनं आहेत. रेडिओ सिटीही पुढे दैनिक जागरण समूहाने विकत घेतलं.

हा योगायोग म्हणता येणार नाही. रेडिओचा माल आहे जाहिरातीचे सेकंद. ते विकायला गावोगावचे दुकानदार, बिल्डर, क्लासवाले, सराफ ओळखीचे असावे लागतात. पेपरवाल्यांकडे ही ओळख पिढ्यान् पिढ्यांची. दिवाळीच्या तोंडावर पेपरात अर्धं पान घेणाऱ्याला "सोबत रेडिओचं पॅकेजही घ्या" म्हणणं त्यांना सोपं जातं.

एका तासात नेमकं काय घडतं?

बऱ्याच जणांना वाटतं की आरजे मनात येईल ते गाणं लावतो. प्रत्यक्षात बहुतेक व्यावसायिक स्टेशनांवर गाण्यांची यादी आधीच तयार असते. संगीत विभाग सॉफ्टवेअरच्या मदतीने तासाचा आराखडा बनवतो. त्याला 'क्लॉक' म्हणतात. कोणत्या मिनिटाला नवं हिट, कधी थोडं जुनं, कुठे जाहिराती, कुठे आरजे बोलणार, हे त्यात ठरलेलं असतं. जे गाणं जास्त चालतंय ते दिवसातून जास्त वेळा फिरतं.

गाणं चालतंय हे कळतं कसं? स्टेशनं श्रोत्यांना गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवून मतं घेतात. श्रोतेसंख्या मोजण्यासाठी 'रॅम' नावाची पद्धत आली. त्यात निवडक लोक आपण कधी काय ऐकलं ते डायरीत लिहायचे. ही मोजणी मोजक्या महानगरांपुरतीच होती. सगळी स्टेशनं एकाच गर्दीला एकच प्रश्न विचारणार असतील, तर उत्तरंही सारखीच येणार. पाच स्टेशनांवर एकच गाणं वाजतं, त्याचं हे रोजचं कारण.

मग मिर्चीचा वेगळेपणा कुठे दिसायचा? दोन गाण्यांच्या मधल्या जागेत. दिल्लीच्या आरजे नावेदचा 'मिर्ची मुर्गा' हा फोनवरून गंमत करण्याचा प्रकार इतका गाजला की रेडिओ न ऐकणाऱ्यांनीही तो मोबाइलवर ऐकला. नेटवर्कचा साचा एकच, पण आरजे त्या त्या शहराचा. कोल्हापूरचा आरजे कोल्हापूरच्या रस्त्यांबद्दल बोलणार आणि चेन्नईचा तमिळमध्ये. नाव आणि फ्रिक्वेन्सी देशभर तीच, बोली मात्र गावची. मिर्ची वाढली ती या सूत्रावर.

मग सगळे सारखेच का? तीन नियम

पहिला नियम होता एका शहरात एकच स्टेशन. 'फेज टू'मध्ये एका कंपनीला एका शहरात एकच फ्रिक्वेन्सी ठेवता येत होती. आता विचार करा, तुमचं गावात एकच दुकान असेल तर तुम्ही सगळ्यात जास्त खपणारा मालच ठेवणार. दुसरं दुकान असतं तर तिथे गझल, इंडी पॉप किंवा फक्त मराठी गाणी ठेवून बघितली असती. एकच दुकान असल्यामुळे प्रत्येकाने हिट हिंदी गाण्यांचंच दुकान मांडलं. मुंबईसारख्या मराठी राजधानीत खासगी एफएम मुख्यतः हिंदीच वाजत राहिले, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

दुसरा नियम बातम्यांचा. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. टीव्हीवर शेकडो वृत्तवाहिन्या चालतात, मोबाइलवर कुणीही बातमी देतं, पण एफएमवाल्याला ती मुभा नाही. २०११ च्या धोरणात एवढीच सूट मिळाली की आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवता येईल. ट्रॅफिक, हवामान, परीक्षा, पाणीकपात अशी माहिती चालते. २०१३ मध्ये 'कॉमन कॉज' या संस्थेने बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायनेही दर तासाला दहा मिनिटं बातम्यांना परवानगी द्यावी अशी शिफारस केली. जगभर रेडिओला ओळख मिळते ती बोलण्यातून. इथे बोलण्याचा अर्धा रस्ता बंद, म्हणून सगळे गाण्याच्याच रस्त्यावर.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रयोगांचं काय झालं हा इतिहास. इंडिया टुडे समूहाने २००७ मध्ये 'म्याँव' नावाचं स्टेशन काढलं. ते बायकांसाठी होतं आणि गाण्यांपेक्षा गप्पांवर चालणारं. कल्पना ताजी होती, पण जाहिरातींचं गणित जमलं नाही. काही वर्षांत त्याचं 'ओय' झालं, म्हणजे पुन्हा गाणी. पुढे त्याच १०४.८ वर 'इश्क' आलं. पुन्हा गाणीच.

पण चित्र सगळंच निराश करणारं नाही. कोलकात्यात मिर्चीने २००९ मध्ये 'संडे सस्पेन्स' सुरू केला. सत्यजित राय आणि इतर बंगाली लेखकांच्या कथांची ही नाट्यरूपं. ना सिनेमाचं गाणं, ना फोनवरची गंमत, तरी तो बंगालीतला घराघरांतला कार्यक्रम झाला आणि आजही लोक तो शोधून ऐकतात. मराठीत कथाकथनाची आणि श्रुतिकांची एवढी जुनी परंपरा असताना मराठी एफएमवर त्या तोडीचं काही का उभं राहिलं नाही, हा प्रश्न त्यामुळे जास्त टोचतो.

गाण्याचं भाडं किती? कोर्टातली लढाई

स्टेशनचा कच्चा माल म्हणजे गाणी. ती म्युझिक कंपन्यांच्या मालकीची. सुरुवातीच्या काळात स्टेशनं गाणी प्रत्यक्ष जितका वेळ वाजली त्या तासांवर पैसे द्यायची. त्याला 'नीडल अवर' म्हणतात. मोठ्या शहरात हे जेमतेम परवडायचं. लहान शहरात जाहिरातीचा दरच इतका कमी की गाण्याचं भाडं डोईजड व्हायचं.

यावरून एनिल आणि टी-सिरीज काढणारी सुपर कॅसेट्स यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २००८ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की म्युझिक कंपनी अवास्तव अटी घालत असेल तर रेडिओ कंपनी सक्तीचा परवाना मागू शकते. म्हणजे एखाद्या संस्थेने वाजवी दर ठरवून द्यायचा आणि मालकाने तो मान्य करायचा.

ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डाने तो दर ठरवला: स्टेशनच्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के. ठरलेल्या भाड्याऐवजी कमाईतला वाटा, हाच लायसन्स फीचा मंत्र आता गाण्यांनाही लागू झाला. रेडिओवाल्यांना मोठा दिलासा मिळाला. म्युझिक कंपन्यांना मात्र हा दर फार कमी वाटला आणि ही ओढाताण पुढेही चालू राहिली. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने प्रसारणासाठी वैधानिक परवान्याची तरतूदही आणली.

२०१५: दुसरं दुकान मिळालं

पुढच्या टप्प्याला, म्हणजे 'फेज थ्री'ला, २०११ मध्ये मंजुरी मिळाली, पण ई-लिलाव व्हायला २०१५ उजाडलं. परवान्याची मुदत १५ वर्षं झाली आणि मुख्य म्हणजे एका शहरात एकाहून जास्त फ्रिक्वेन्सी घ्यायला वाव मिळाला. एनिलने पहिल्या फेरीत १७ फ्रिक्वेन्सी घेतल्या, सुमारे ३३९ कोटी रुपये मोजून. टीव्ही टुडे कंपनीकडून 'ओय'ची अमृतसर, जोधपूर, पतियाळा आणि शिमला ही चार स्टेशनंही घेतली.

दुसरं दुकान मिळाल्यावर फरक पडला का? थोडा. काही शहरांत 'मिर्ची लव्ह' हा प्रेमगीतांचा ब्रँड आला. बंगळुरूमध्ये ९८.३ वर कन्नड आणि ९५ वर हिंदी अशी विभागणी झाली. पण फ्रिक्वेन्सीच इतकी महाग पडली होती की तिच्यावर फार वेगळं काही करून बघायची हिंमत कमीच होती. पहिल्या लिलावातला धडा पुन्हा तोच.

याच काळात मिर्ची रेडिओच्या बाहेरही पाय पसरत होती. मिर्ची म्युझिक अवॉर्ड्स सुरू झाले, त्याची मराठी आवृत्तीही आली. २०१२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत मिर्चीचा आवाज पोचला.

मग मोबाइलने काय केलं?

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि कोणतंही गाणं हवं तेव्हा ऐकणं फुकट किंवा जवळपास फुकट झालं. ताजं हिट गाणं वाजवणं हीच ज्याची ओळख, त्याच्यासाठी ही सगळ्यात वाईट बातमी. वर अनेक नव्या मोबाइलमधून एफएम रिसीव्हरच गायब झाला किंवा बंद ठेवला गेला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारला कंपन्यांना सांगावं लागलं की फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करू नका.

त्यात २०२० ची टाळेबंदी. दुकानं बंद, रस्ते रिकामे, गाडीतला श्रोता घरी. रेडिओचं जाहिरात उत्पन्न त्या वर्षी निम्म्याहून खाली आलं. बिग एफएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि शेवटी दुसऱ्या मालकाकडे आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने आपल्या जाहिरातींचा मूळ दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये केला, तेवढाच आधार.

मिर्चीने नावातून 'रेडिओ' शब्द काढून टाकला. आता ब्रँड नुसता 'मिर्ची'. पॉडकास्ट, व्हिडिओ, कार्यक्रमांचं आयोजन, सगळीकडे तेच नाव. २०२३ च्या अखेरीस एनिलने 'गाना' हे म्युझिक अॅप आपल्याकडे घेतलं. तेही टाइम्स समूहाचंच. किंमत? २५ लाख रुपये. एकेकाळी ज्या अॅपमध्ये परदेशी कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर घातले होते, त्याची ही किंमत. म्हणजे गाणी ऐकवण्याचा धंदा फक्त रेडिओलाच जड जातोय असं नाही.

आता पुढे काय? लातूर-चंद्रपूरची पाळी

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० फ्रिक्वेन्सींच्या लिलावाला मंजुरी दिली. राखीव किंमत एकूण ७८४.८७ कोटी रुपये, वार्षिक फी उत्पन्नाच्या ४ टक्के. महाराष्ट्रातली लातूर, चंद्रपूर, मालेगाव, यवतमाळ, वर्धा अशी शहरं या यादीत आहेत. मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढावा हा यामागचा हेतू असल्याचं सरकारने सांगितलं.

हेतू चांगला आहे. पण मिर्चीची गोष्ट सांगते की स्टेशन हेतूवर चालत नाही, हिशेबावर चालतं. लातूरचं स्टेशन लातूरसारखं वाजायचं असेल, तर तिथली फी लातूरच्या जाहिरातींतून निघायला हवी. तिथल्या आरजेला पाणीटंचाईवर, बाजारभावावर, नगरपालिकेवर मोकळेपणाने बोलता यायला हवं. नाहीतर यादी मुंबईत बनेल आणि गाणं तेच वाजेल.

हे अशक्य नाही, याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. २००६ च्या धोरणानंतर सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओ काढता येऊ लागला. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' तसाच सुरू झाला. ताकद कमी, टॉवर छोटा, जाहिराती मोजक्या, पण बोलणं त्या मातीतलं. त्यांच्याकडे मिर्चीसारखा पैसा नाही आणि मिर्चीकडे त्यांच्यासारखी मोकळीक नाही.

१९९५ चं ते वाक्य आठवतंय ना? ध्वनिलहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. एनिल काय, इतर कंपन्या काय, सगळे भाडेकरू. ९८.३ ही फ्रिक्वेन्सी कागदोपत्री तुमचीच आहे. तिचं भाडं किती घ्यायचं आणि तिच्यावर काय बोलायला परवानगी द्यायची हे सरकार तुमच्या वतीने ठरवतं. पुढच्या वेळी पाच स्टेशनांवर एकच गाणं लागलं, तर आरजेवर चिडण्याआधी हे भाडेपत्र एकदा आठवा.